उकळून न जाणारे विष: अळिंबीतील अल्फा-अमॅनिटिनविषयी

प्रश्न: आम्ही इगतपुरी तालुक्यात राहतो. पावसाळ्यात रानातून आणलेली अळिंबी आमच्या घरी दोनदा उकळून, पाणी ओतून देऊन मगच फोडणीला टाकतात. उकळताना लसणाची पाकळी किंवा चांदीचे नाणे टाकून ते काळे पडते का, हेही पाहतात. एवढ्याने विष निघून जाते का? विषारी अळिंबीत नेमके असते तरी काय? नात्यातील एकाला अळिंबी खाऊन उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी तो बरा झाला, तेव्हा विष उतरले असे समजायचे का? बाजारातल्या अळिंबीलाही ही भीती आहे का?

उत्तर: आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते आधीच देऊन ठेवतो, कारण पावसाळ्याच्या दिवसांत बाकीचे उत्तर वाचून होईपर्यंत कोणाच्या घरची भाजी शिजायची थांबत नाही. अळिंबीतील सर्वांत घातक विष म्हणजे अल्फा-अमॅनिटिन. ते उकळल्याने नष्ट होत नाही, तळल्याने होत नाही आणि उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवल्यानेही होत नाही. ते पाण्यात विरघळते, त्यामुळे पहिले पाणी ओतून दिल्यावर त्याचा काही अंश जातो हे खरे, पण फोडींत जे उरते तेही पुरेसे असते. लसणाच्या रंगाचा या विषाशी काही संबंध नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या काही संयुगांमुळे, आणि तशी संयुगे अंड्यात असतात, खाण्याजोग्या अळिंबीतही असू शकतात. अमॅनिटिनच्या रेणूत गंधकाचा एक अणू आहे, पण तो असा जखडलेला असतो की चांदीला त्याचा पत्ताही लागत नाही. 'किड्याने खाल्ली म्हणजे माणसालाही चालते' हा आडाखाही तितकाच फोल आहे, कारण अळिंबीवर वाढणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या हे विष बिनदिक्कत पचवतात.

आता ते असते काय, हे पाहू. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी आठ एकमेकांना जोडून त्यांचे कडे केले आणि त्या कड्याच्या दोन बाजू मधून आणखी एका पुलाने सांधल्या, की जी रचना होते ती अल्फा-अमॅनिटिनची. त्याचा रेणुभार सुमारे ९१९ आहे. एरवी आपण खाल्लेले प्रथिन पोटातील आणि आतड्यातील विकरे (एन्झाइम) टोकापासून किंवा मधून तोडत जातात. कड्याला टोकच नसते, आणि मधल्या पुलामुळे ते इतके ताठ राहते की विकराला धरायला जागा मिळत नाही. उष्णतेचेही तेच. अंडे उकडल्यावर त्यातील प्रथिनाची घडी उलगडते आणि ते घट्ट होते, पण या लहान, दुहेरी बांधलेल्या रेणूत उलगडण्यासारखी घडीच नाही. उकळत्या पाण्याच्या तापमानाला तो जसाच्या तसा राहतो. म्हणून दोनदा उकळणे किंवा दहादा उकळणे हा उपाय ठरत नाही.

हा रेणू वेगळा करण्याचे श्रेय जर्मनीतील म्युनिकच्या वीलांड घराण्याच्या प्रयोगशाळेकडे जाते. तेथे १९३७ साली फॅलॉइडिन आणि १९४१ साली अमॅनिटिन शुद्ध स्वरूपात मिळाले. फॅलॉइडिन हे अमॅनिटा फॅलॉइडिस या विषारी अळिंबीतील, अमॅनिटिनसोबतचे दुसरे विष आहे. ते रक्तात टोचले तर यकृताचा झपाट्याने नाश करते, परंतु तोंडावाटे घेतल्यास आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही. त्यामुळे अळिंबी खाऊन दगावलेल्या माणसाच्या बाबतीत खरा अपराधी अमॅनिटिनच असतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत या दोघांचा उल्लेख जोडीने येत असल्यामुळे आमच्या व्यवसायातही हा गोंधळ अजून टिकून आहे.

अमॅनिटिन पेशीत शिरल्यावर करते काय, हे कळल्याशिवाय आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट समजणार नाही. पेशीच्या केंद्रकातील डीएनएवर प्रत्येक प्रथिनाची कृती लिहिलेली असते. तिची नक्कल उतरवून घेण्याचे काम आरएनए पॉलिमरेज-२ नावाचे विकर करते, आणि त्या नकलेबरहुकूम पुढे प्रथिन तयार होते. अमॅनिटिन या विकराच्या नेमक्या हलत्या भागाला चिकटते. एरवी मिनिटाला काही हजार अक्षरे उतरवणारे हे विकर त्यानंतर मिनिटाला जेमतेम काही अक्षरे उतरवते. हे चिकटणे कसे घडते, त्याचे चित्र २००२ साली रॉजर कॉर्नबर्ग यांच्या गटाने यीस्टच्या विकरावर स्फटिक-अभ्यास करून प्रसिद्ध केले. याच विकराच्या अभ्यासासाठी कॉर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गंमत अशी की जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत हे विष आजही एक उपयुक्त हत्यार म्हणून वापरले जाते, कारण नक्कल उतरवणाऱ्या तीन विकरांपैकी दुसऱ्याला ते अत्यल्प मात्रेत बंद पाडते, तिसऱ्याला बऱ्याच मोठ्या मात्रेत आणि पहिल्याला जवळपास नाहीच.

विकर बंद पडले म्हणून पेशी त्याच क्षणी मरत नाही. घरात नवे धान्य येणे थांबले, तरी कणगीत असेपर्यंत चूल पेटत राहते, तसे पेशीचे होते. आधी तयार असलेल्या नकला आणि प्रथिने संपेपर्यंत ती काम करीत राहते. ज्या पेशी सतत नवी प्रथिने करतात त्यांचा साठा आधी संपतो. म्हणून पहिला फटका आतड्याच्या अस्तराला बसतो, त्यामागून यकृताला. विष खाल्ल्यानंतर सहा, दहा, कधी बारा तास माणसाला काहीच होत नाही, याचे कारण हे आहे.

यकृताला एवढा जबर मार का बसतो, यालाही कारण आहे. आतड्यातून शोषलेले रक्त प्रथम यकृतात येते. यकृताच्या पेशींवर पित्तक्षार आत ओढून घेणारे जे वाहक असतात, त्यांवरूनच अमॅनिटिन आत शिरते. तेथून त्याचा काही भाग पित्तात उतरतो, पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतो आणि पुन्हा शोषला जातो. बाकीचे विष मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि सुदैवाने तो वाटा मोठा असतो. रक्तातील प्रथिनांना ते चिकटून राहत नाही, त्यामुळे लघवी भरपूर होत राहिली तर शरीर ते वेगाने टाकून देऊ शकते. उपचाराची निम्मी मदार या एका गोष्टीवर आहे.

मात्रेविषयी एवढेच सांगतो की वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम ही प्राणघातक मात्रा मानली जाते. साठ किलोच्या माणसाला ते सहा मिलिग्रॅम होतात. अमॅनिटा फॅलॉइडिस या जातीच्या एका पूर्ण वाढलेल्या अळिंबीत तेवढे विष असू शकते. एकाच वाडग्यातून जेवलेल्या कुटुंबात मूल आधी आणि अधिक गंभीर होते, ते वजनाच्या या हिशेबामुळे.

आता आपल्या नातेवाइकाविषयी. त्याला उलट्या जेवणानंतर किती तासांनी सुरू झाल्या, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. जेवणानंतर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी तो सावरला असेल, तर ती बहुधा पोटाला त्रास देणाऱ्या पुष्कळशा अळिंब्यांपैकी एखादीची बाधा होती. आपल्याकडे पावसात हिरवळीवर, बागेत, मैदानात मोठ्या पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले असलेली जी अळिंबी दिसते, तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. तिच्याने माणूस उलट्या-जुलाबांनी हैराण होतो, क्वचित सलाईन लावावे लागते, पण यकृत सहसा शाबूत राहते. उलट जेवणानंतर सहा तासांहून अधिक काळाने उलट्या सुरू झाल्या असतील, तर दुसऱ्या दिवशी बरे वाटणे ही मुळीच समाधानाची गोष्ट नव्हे.

अमॅनिटिनच्या बाधेचा क्रम ठरलेला आहे. रात्री आठ-नऊला जेवण होते, घरातील सगळे झोपतात, आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास पोटात मुरडा येऊन भाताच्या पेजेसारखे पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या सुरू होतात. सकाळी दवाखान्यात आलेला माणूस 'काय खाल्ले?' या प्रश्नाला सकाळचा चहा-बिस्किट सांगतो, कारण रात्रीचे जेवण पचले असे तो समजतो. पावसाळ्यात नाशिकच्या कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयात जुलाबांचे रुग्ण रोज असतातच, त्यामुळे 'गॅस्ट्रो' म्हणून सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि प्रतिजैविक दिले जाते. चोवीस तासांत जुलाब थांबतात.

पुढचा दिवस सगळ्यांत फसवा असतो. रुग्ण उठून बसतो, वरण-भात मागतो, खिडकीशी जाऊन उभा राहतो. नातेवाईक घरी सोडण्याची घाई करतात. एक तर शेतीची कामे खोळंबलेली असतात, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला खाटेवर का ठेवावे, हे त्यांना पटवून देणे अवघड जाते. पोट दाबले तर उजव्या बरगडीखाली थोडे दुखते, एवढेच. पण त्याच सकाळी रक्त पाठवले असेल, तर एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशी मोडल्यावर रक्तात वाढणारे विकर, जे आदल्या दिवशी चाळीस-पन्नास होते, ते काहीशेवर गेलेले असते, संध्याकाळी हजाराच्या पुढे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, सुई टोचल्या जागेतून रक्त थांबत नाही, साखर उतरते, आणि माणूस दिवसा झोपू लागतो व रात्री बरळू लागतो. या टप्प्यावर काही घरांत कावीळ उतरवून घेण्यासाठी गावाकडे नेण्याचा विचार सुरू होतो, आणि त्यात जो दिवस जातो तो परत मिळत नाही.

आमच्या भागातील डॉक्टरांना हा क्रम अगदीच अनोळखी नाही. उंदीर मारण्याच्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टची बाधा अशाच तीन अंकांत घडते: आधी पोटाचा त्रास, मग एक-दोन दिवसांची शांतता, मग यकृताचे निकामी होणे. ज्याने तो रुग्ण पाहिला आहे, तो अमॅनिटिनच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी घरी सोडणार नाही.

'सहा तास' या आडाख्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. रानातून आणलेली टोपली बहुधा एकाच जातीची नसते. तीत लवकर उलट्या करवणारी अळिंबी आणि अमॅनिटिन असलेली अळिंबी एकत्र असल्या, तर पहिल्या तासातच त्रास सुरू होतो आणि डॉक्टरही निर्धास्त होतो. म्हणून उशिरा आलेली उलटी धोक्याची खात्री देते, पण लवकर आलेली उलटी सुरक्षिततेची खात्री देत नाही. टोपलीत काय काय होते हे ठाऊक नसेल, तर मी दोन्ही प्रकारच्या रुग्णांची एसजीपीटी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) तपासणी चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा करून घेतो. त्याला लागणारा खर्च, पुढे लागू शकणाऱ्या खर्चापुढे काहीच नाही.

येथे दुसऱ्या एका विषाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांमुळे त्याची गल्लत होण्याचा संभव आपल्याकडे अधिक आहे. आयनोसायबी आणि क्लायटोसायबी या गटांतील काही अळिंब्यांत मस्करिन नावाचे विष असते. ते खाल्ल्यावर पंधरा मिनिटांपासून दोन तासांत माणसाला दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या बारीक होतात, नाडी मंदावते आणि छातीत घरघर सुरू होते. फवारणीतून ऑर्गॅनोफॉस्फरस औषधाची बाधा झालेला शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला हे चित्र तंतोतंत ओळखीचे वाटेल. कारणही एकच आहे: दोन्हींत ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंच्या निरोप्या रसायनाच्या, पेशींवरील त्याच ग्राहकांना (रिसेप्टरना) अतोनात चेतना मिळते, आणि त्या ग्राहकांना तर मस्करिनवरूनच नाव मिळाले आहे. उतारा म्हणून ॲट्रोपिन दोन्हींत चालते आणि ते आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणीही हाताशी असते.

फरक मात्र लक्षात ठेवावा लागतो. फवारणीच्या औषधाने ॲसिटिलकोलिन मोडणारे कोलिनएस्टरेज विकर बंद पडते, म्हणून रक्तातील त्याची पातळी घसरलेली दिसते आणि ते विकर पुन्हा चालू करणाऱ्या प्रालिडॉक्सिम या औषधाचा विचार करावा लागतो. मस्करिन त्या विकराला हात लावत नाही, ते स्वतःच ग्राहकावर बसते, त्यामुळे पातळी नेहमीसारखी राहते आणि प्रालिडॉक्सिमचा उपयोग नसतो. मस्करिनमुळे स्नायूंचे फडफडणे आणि लुळेपणाही येत नाही. रुग्णाने फवारणी केली आहे आणि दुपारी रानची भाजीही खाल्ली आहे, अशी दुहेरी हकीकत आपल्या जिल्ह्यात सहज मिळू शकते, आणि तेव्हा कोलिनएस्टरेजचा अहवाल निवाडा करतो. आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ॲट्रोपिन हे 'अळिंबीच्या विषावरचे औषध' नव्हे, ते मस्करिनवरचे औषध आहे. अमॅनिटिनच्या रुग्णाला त्याचा काहीही लाभ होत नाही.

अमॅनिटिनवर नेमका असा उतारा अजून नाही. उपचार चालतात ते विष बाहेर काढण्याचे, यकृतात शिरू न देण्याचे आणि यकृत सावरेपर्यंत माणूस टिकवण्याचे. पहिले काम सलाईनचे. जुलाबांनी शरीर कोरडे पडलेले असते, आणि मूत्रपिंड चालू राहिले तरच विष जाते. म्हणून तासाला शंभर ते दोनशे मिलिलिटर लघवी होईल इतके द्रव पहिल्या दोन दिवसांत देत राहावे लागतात. दुसरे, सक्रिय कोळशाची पूड पाण्यात कालवून तोंडावाटे किंवा नळीने, दर चार तासांनी. रुग्ण उशिरा आला तरी ती द्यावी, कारण पित्तावाटे आतड्यात पुन्हा उतरणारे विष ती धरून ठेवते. 'बारा तास झाले, आता कोळशाचा काय उपयोग' हा युक्तिवाद इतर बऱ्याच विषांना लागू पडतो, या विषाला नाही.

तिसरे औषध सिलिबिनिन. काटेरी मिल्क थिसल या वनस्पतीपासून मिळणारे हे द्रव्य यकृतपेशीच्या दारातील वाहक अडवून ठेवते. युरोपात ते शिरेतून दिले जाते, किलोमागे ५ मिलिग्रॅमची पहिली मात्रा आणि त्यानंतर दिवसाला किलोमागे २० मिलिग्रॅम. आपल्याकडे औषधांच्या दुकानांत यकृताची शक्तिवर्धक म्हणून सिलिमरिनच्या गोळ्या सर्रास मिळतात. त्या त्याच वनस्पतीच्या असल्या, तरी उलट्या होत असलेल्या माणसाच्या पोटातून त्यांतील किती रक्तात पोहोचते याचा भरवसा नाही, आणि गोळ्या सुरू केल्या म्हणून उपचार सुरू झाला असे मानणे धोक्याचे आहे. पेनिसिलिन-जीच्या मोठ्या मात्रा अनेक वर्षे दिल्या गेल्या, पण त्यांचा पुरावा कमकुवत आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन मी देतो. ते सर्वत्र मिळते, स्वस्त आहे, त्याने नुकसान सहसा होत नाही, आणि यकृताला इजा झालेल्या रुग्णांत त्याचा आधार घेण्यास पुरेसे कारण आहे. २०२३ साली चीनमधील संशोधकांनी इंडोसायनिन ग्रीन हा तपासण्यांत वापरला जाणारा रंग उंदरांमध्ये अमॅनिटिनची बाधा कमी करतो असे दाखवले. बातमी आशादायक आहे, परंतु उंदरांवरून माणसाचा उपचार ठरवता येत नाही.

रुग्णावर लक्ष ठेवताना एसजीपीटीपेक्षा आयएनआरकडे पाहावे. एसजीपीटी हजारांत चढून नंतर उतरू लागला, की नातेवाइकांना आणि कधी कधी निवासी डॉक्टरांनाही हायसे वाटते. पण तो दोन कारणांनी उतरतो: यकृत सावरले म्हणून, किंवा मोडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. आयएनआर खाली येत असेल तर पहिले कारण, वर जात असेल तर दुसरे. म्हणूनच रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये. त्याने आयएनआर छान दिसतो आणि यकृत-प्रत्यारोपणाचा निर्णय ज्यावर घ्यायचा, ती खूणच पुसली जाते. आयएनआर चढू लागला, की मुंबई किंवा पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राशी त्याच दिवशी बोलणे सुरू करावे. मुंबई नाशिकहून सुमारे १७० किलोमीटर आहे. बेशुद्धावस्थेकडे झुकलेल्या रुग्णाला कसारा घाटातून नेण्यापेक्षा शुद्धीवर असलेल्याला नेणे सर्वांनाच सोपे जाते. चांगल्या उपचारांनीही या बाधेत दहा ते वीस टक्के रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांचे यकृत बहुधा पूर्णपणे भरून येते, हे या अवयवाचे औदार्य.

आपल्या डोंगरांत हे विष असलेली अळिंबी उगवते का, हा प्रश्न आपण विचारला नाही, तरी तो मनात असणारच. अमॅनिटा फॅलॉइडिस ही कुप्रसिद्ध जात ओक, चेस्टनट, पाइन अशा झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगते. साग, ऐन, जांभूळ, आंबा आणि करवंदीच्या जाळ्या असलेल्या त्र्यंबक-इगतपुरीच्या रानात ती सहज सापडावी असे नाही. तरीही निर्धास्त होऊ नये, कारण तेच विष लेपिओटा आणि गॅलेरिना या गटांतील काही लहान अळिंब्यांतही असते. त्यांना विशिष्ट झाडाची गरज नसते, लेपिओटा पालापाचोळ्यावर आणि गॅलेरिना कुजक्या लाकडावर उगवते. देशात अशा घटना घडलेल्या आहेत. मेघालयातील लामिन या गावात २०२० साली सहा जण आणि वरच्या आसामात एप्रिल २०२२ मध्ये तेरा जण रानची अळिंबी खाऊन दगावले. आसामातील मृतांत चहाच्या मळ्यांतील कुटुंबे अधिक होती. या सगळ्यांना अळिंबी नवी नव्हती. ती खाण्याची सवय असलेल्या घरांतच हे घडले.

पेठ-सुरगाण्याकडची जाणती माणसे वारुळावरची अळिंबी अचूक ओळखतात, आणि त्यांच्या ज्ञानाला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. ती अळिंबी उकरली, तर तिचा देठ मुळासारखा लांब होत थेट वारुळात उतरलेला दिसतो आणि छत्रीच्या मध्यावर टोकदार उंचवटा असतो. अडचण येते ती ओळख अर्धवट उरल्यावर. शहरात राहायला गेलेला मुलगा चार दिवसांसाठी गावी येतो आणि वरून दिसणारी पांढरी छत्री खुडून नेतो. अमॅनिटा गटाची मुख्य खूण देठाच्या तळाशी, मातीत असते. ती म्हणजे फाटक्या पिशवीसारखे आवरण. खुडताना ते जमिनीतच राहते. कळीच्या अवस्थेत तर ही अळिंबी पांढऱ्या अंड्यासारखी दिसते आणि गोल भुईफोडासारखी भासते. सुरीने वरून खाली उभी चिरली, की फरक समोर येतो: भुईफोड आतून सलग पांढरा असतो, तर अमॅनिटाच्या कळीत छत्री, तिच्या खालच्या पापुद्र्यांच्या रेषा आणि देठ यांची आकृती कोरल्यासारखी दिसते. ही खूण अळिंबी टाकून देण्यासाठी वापरावी, खाण्याची परवानगी म्हणून नव्हे, कारण लेपिओटाला ती पिशवी नसतेच.

शंका आली तर काय करावे, तेही सांगतो. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सर्वांना, त्रास होत असो वा नसो, एकाच वेळी रुग्णालयात न्यावे. १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठी आहे. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. जेवणाची वेळ आणि पहिल्या उलटीची वेळ कागदावर लिहून द्यावी, डॉक्टरने विचारण्याची वाट पाहू नये. उरलेली भाजी, निवडताना टाकलेले देठ, जमले तर त्याच जागेवरची मातीसकट उकरलेली एखादी अळिंबी कागदात गुंडाळून न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती तासाभरात सडून चिखल होते. छत्री पापुद्र्यांच्या बाजूने पालथी घालून कागदावर ठेवली, तर काही तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. तो हिरवट असेल तर हिरवळीवरची क्लोरोफायलम, पांढरा असेल तर अमॅनिटा किंवा लेपिओटाची शंका दाट. उपचार मात्र त्या ठशासाठी थांबवायचे नाहीत. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि तेथे डॉक्टरांप्रमाणे घरचे लोकही फोन करू शकतात. जिल्हा रुग्णालयाच्या पायरीवर पोहोचण्याआधी गाडीतूनच तो लावला तरी चालतो.

विकतच्या अळिंबीविषयी थोडक्यात. गव्हाच्या काडावर घेतलेली धिंगरी आणि कंपोस्टवर घेतलेली बटण अळिंबी यांत अमॅनिटिन नसते, कारण त्यांचे बियाणे प्रयोगशाळेत एका निवडलेल्या जातीपासून तयार केलेले असते. ती जुनी, चिकट किंवा वास मारणारी झाली, तर पोट बिघडेल, पण ते कोणत्याही शिळ्या भाजीसारखे. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला टोपलीत किंवा पानांवर मांडून विकायला येणारी रानची अळिंबी मात्र या हमीत येत नाही. ती घ्यायची असेल, तर सबंध, देठासकट, मुळासकट आणि एकाच जातीची असलेलीच घ्यावी. चिरून, साफ करून ढिगात मिसळलेली घेऊ नये. वाळवून डब्यात ठेवलेल्या रानच्या अळिंबीलाही हेच लागू आहे, कारण वाळल्यावर जातींतील फरक दिसेनासा होतो आणि विष तेवढेच राहते.